जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स सील बदलूनही गळतोय, तर नक्की कुठे बघायचं

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९७६ ची बुलेट ३५० आहे, परळला सोसायटीत लावता, रोज सकाळी गिअरबॉक्सच्या खाली डाग पडलेला असतो, मेकॅनिकने स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) मागचं सील दोनदा बदललं, प्रत्येक वेळी दोनतीन आठवडे कोरडं राहिलं आणि मग परत गळायला लागलं. आता तो म्हणतोय अख्खा गिअरबॉक्सच बदला, आणि सोसायटीवाले पेव्हर ब्लॉकवरचे डाग दाखवून रोज बोलतायत.

पहिली गोष्ट, गिअरबॉक्स बदलू नका. गिअर नीट पडतायत, आवाज नाही, न्यूट्रल मिळतंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आतला माल चांगला आहे. आणि दोनदा नवीन सील घालून दोन्ही वेळा काही आठवड्यांत गळती परत आली याचा अर्थ माझ्या हिशोबाने एकच होतो, सीलचा दोष नाहीये. सील म्हणजे रबराची एक पातळ ओठासारखी कड असते, ती शाफ्टला जेमतेम टेकलेली असते. शाफ्ट डोलत असेल, शाफ्टवर खाच पडली असेल, आत हवेचा दाब तयार होत असेल, नाहीतर तेल मुळात त्या सीलच्या वाटेने येतच नसेल, तर जगातलं सगळ्यात भारी सील घातलं तरी ते हरणारच. म्हणून सील सगळ्यात शेवटी घ्यायचं, आधी कारण शोधायचं.

हा डबा कसा बनलाय ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. इंजिन वेगळं, प्रायमरी चेनकेस (इंजिनची ताकद क्लचला देणाऱ्या चेनची पेटी) वेगळी आणि गिअरबॉक्स वेगळा. चार गिअरचा हा डबा बर्मिंगहॅमच्या अल्बियनच्या डिझाइनचा, १९५५ ला मद्रासला बुलेट जोडायला सुरुवात झाली तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं तोच चालला. त्या जमान्यात अशा ब्रिटिश डब्यांत पातळ ग्रीस भरायची पद्धत होती, आणि ग्रीस फटीतून सहज वाहत नाही म्हणून सीलिंगवर कुणी फार डोकं लावलं नव्हतं. आपण त्याच डब्यात ९० नंबरचं तेल भरतो आणि अपेक्षा करतो की थेंब पडू नये. अपेक्षा चुकीची नाही बरं का, हा डबा रात्रभर खालचा कागद कोरडा राहील इतका बंद करता येतो. "बुलेट म्हणजे गळणारच" हे मी कधीच मान्य केलेलं नाही, फक्त त्यासाठी जरा चिकाटीने बसावं लागतं.

आता शोध. सगळ्यात आधी गाडी धुवा, आणि धुवा म्हणजे नुसतं पाणी मारून नाही, रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिनच्या मागची बाजू, गिअरबॉक्सचा वरचा भाग, स्प्रॉकेटच्या आजूबाजूचं वर्षानुवर्षं साचलेलं काळं चिखलासारखं सगळं काढा, मग साबण, मग पूर्ण सुकवा. ते सुकलं की टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी दहापंधरा मिनिटं फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा, पावडर जिथे पहिल्यांदा ओली झालीय तिथे गळती आहे. थेंब जिथे पडतो तिथे नाही! चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे जातं आणि उभ्या गाडीत खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात खालच्या नटावरून टपकणारं तेल टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून आलेलं असू शकतं. बुलेटमध्ये इंजिनच्या ब्रीदरचं (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचं) तेलसुद्धा मागे चेनकडे उडतं आणि लोक त्याला बिनधास्त गिअरबॉक्सची गळती समजतात. म्हणून बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतलात की विसरणार नाही, आणि ते जाड, पिवळसर तपकिरी असतं. इंजिनचं काळं आणि पातळ असतं. प्रायमरीतलं असेल तर त्याला क्लच प्लेटची जळकी झाक असते. तरी शंका राहिली तर प्रायमरीत काही दिवस लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरून बघा, लाल थेंब पडला की मेकॅनिक नाही म्हणू शकत नाही.

प्रायमरीचं नाव निघालंच आहे तर, तुमच्या गाडीत ते डावीकडचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं आणि कडेने रबराची रिंग असते. गळलं की लोक तो नट अजून आवळतात, कव्हर मधोमध दबतं, कडा उघडतात आणि गळती वाढते. रिंग नवीन घ्या, खाच साफ करा, नट बेताने आवळा. बऱ्याच गाड्यांना ज्याला गिअरबॉक्स लीक म्हणतात ते एवढ्यावरच मिटतं.

समजा वास गिअर ऑइलचाच आला, तर आता फुकटातल्या दोन गोष्टी तपासा.

एक म्हणजे लेव्हल. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून लेव्हलचा बोल्ट काढा, जास्तीचं तेल आपोआप वाहून जाईल, वाहायचं थांबलं की बोल्ट लावा. अंदाजाने वरपर्यंत भरलेले डबे मी सतत बघतो, कारण गळतंय म्हणून मालक दर आठवड्याला ओततच राहतो. आणि रात्री गाडी साइड स्टँडवर लावत असाल तर ती डावीकडे कलते, तुमचं मेन सील डावीकडेच आहे, म्हणजे रात्रभर सगळं तेल त्या सीलवर रेलून बसलेलं असतं. चार दिवस मेन स्टँडवर लावून बघा. डाग एकदम कमी झाला तर तेल डावीकडूनच येतंय हे नक्की झालं.

दुसरी म्हणजे हवा जायची वाट. डबा चालून तापतो, बंद डब्यातली हवा ३० अंशावरून ८० अंशावर गेली की दाब साधारण १६ टक्क्यांनी वाढतो, आणि सायन ते दादर ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत आलं की तेवढं तापणं काही अवघड नाही. ही हवा बाहेर पडायला बारीक छिद्र असतं, कुठे भरायच्या बुचात, कुठे कव्हरमध्ये वरच्या बाजूला, डब्याडब्यात जागा बदलते. मातीने, रंगाने किंवा सिलिकॉनने ते बुजलं की हवा सीलच्या ओठातून तेल घेऊनच बाहेर पडते. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत तर पावडर कोटिंगवाल्याने छिद्र बुजवलेलं हमखास सापडतं. बारीक तार घालून मोकळं करा. फक्त चालवताना गळतं आणि उभ्या गाडीत गळत नाही असं असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा. तुमच्याकडे मात्र रात्रीही डाग पडतोय, म्हणजे हे एकटं कारण नसणार.

आता डावी बाजू, खरं काम इथे आहे. प्रायमरीचं बाहेरचं कव्हर, आल्टरनेटर, इंजिन स्प्रॉकेट, प्रायमरी चेन, क्लच, मग आतली केस एवढं उतरवल्यावर फायनल स्प्रॉकेट दिसतं. स्प्रॉकेटच्या नटाचे आटे कुठल्या दिशेचे आहेत ते आधी नीट बघून घ्या, उलटे असू शकतात, आणि छिन्नी हातोडी अजिबात लावू नका, चांगला बॉक्स पाना घ्या आणि नटाच्या लॉकचा पत्रा आधी सरळ करा. पण सगळं खोलायच्या आधी, मागच्या चाकाची चेन अजून जागेवर असताना, तिचा ताण बघून ठेवा. माणूस बसल्यावर चेन सगळ्यात घट्ट जागी साधारण इंचभर वरखाली हलली पाहिजे. "आवाज येतो" म्हणून तारेसारखी ताणलेली चेन स्प्रॉकेटला सतत मागे खेचते, त्याने स्लीव्ह गिअरचं (स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या पोकळ गिअरचं) बेअरिंग आणि बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) एका बाजूला झिजतं, शाफ्ट डोलायला लागतो आणि मग सील जातं. मेकॅनिक सील बदलतो आणि चेन परत तशीच ताणून देतो. तुमच्या दोनतीन आठवड्यांच्या गणितात हे बसतंय बघा.

चेन काढल्यावर स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. टकटक जाणवली तर स्लीव्ह गिअरचं बेअरिंग गेलंय किंवा बेअरिंग केसमध्येच ढिलं झालंय. मेन शाफ्टचं क्लचकडचं टोक थोडं हलणं या डब्यात चालतं, ते बघून घाबरू नका, पण स्प्रॉकेट हलता कामा नये. दोन दशांश मिलिमीटरच्या पुढे डोललं की सीलचा ओठ मागे मागे पळू शकत नाही. बेअरिंग बदलायचं तर केस गरम करून काढायचं, गॅसची ज्योत एका जागी मारून नाही, ओव्हनमध्ये किंवा हॉट गनने सगळीकडून सारखं ९०-१०० अंशापर्यंत. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, ६० मिमीचं घर ८० अंशाने तापलं की एक दशांश मिलिमीटरने मोठं होतं, बेअरिंग हाताच्या जोरावर सुटतं. थंड केसमधून ठोकून काढलेलं प्रत्येक बेअरिंग घर थोडं मोठं करून जातं आणि मग नवीन बेअरिंगसुद्धा त्यात फिरायला लागतं. बसवताना एका बाजूला रबर शील्ड असलेलं बेअरिंग घ्या, शील्ड स्प्रॉकेटकडे, उघडी बाजू गिअरकडे. याने सीलपर्यंत पोचणारं तेलच कमी होतं. मी हे नेहमी करतो आणि फरक पडतो.

आता ज्या वाटेकडे कुणी बघत नाही ती. मेन शाफ्ट स्लीव्ह गिअरच्या पोटातून आरपार जातो, मधे ब्रॉन्झचे बुश असतात. सील स्लीव्ह गिअरच्या बाहेरून बसतं. म्हणजे बुश झिजले तर तेल मेन शाफ्ट आणि स्लीव्ह गिअरच्या मधून, सीलला हातही न लावता, स्प्रॉकेटच्या नटापाशी बाहेर येतं. सील नवंकोरं असतं आणि तरी गळतं! तिथून ते फिरत्या स्प्रॉकेटवर उडतं नाहीतर प्रायमरीत शिरतं, आणि गिअर ऑइल क्लच प्लेटवर गेलं की क्लच चिकटतो किंवा घसरतो. तुमचा क्लच सकाळी पहिल्या किकला चिकटलेला असतो असं लिहिलंय ना, मला तर त्यावरूनच या बुशांचा संशय आला. तपासायला सोपं आहे. सगळं पुसून कोरडं करा, गाडी मेन स्टँडवर पण डावीकडे थोडी कलती राहील अशी एका बाजूने फळी देऊन ठेवा, तासाभराने बघा. ओल सीलच्या कडेला आहे की शाफ्टभोवती आतल्या फटीत, ते डोळ्याला दिसतं. मेन शाफ्ट पोकळ असतो, त्यातून क्लचचा पुशरॉड जातो, तिकडून पण थोडं तेल क्लचकडे सरकतं, म्हणून रॉड बसवताना त्याला भरपूर ग्रीस लावायचं.

बुश बदलणं हे लेथवाल्याचं काम आहे. कुर्ला, साकीनाका या बाजूला छोटे लेथवाले खूप आहेत, पण ज्याला काम द्याल त्याला तुमचा मेन शाफ्ट सोबत द्या, नुसतं माप सांगू नका. बुश दाबून बसवला की आतून थोडा आवळतो, त्यामुळे बसवल्यानंतर रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारून शाफ्टला जुळवावा लागतो, आधी मारून चालत नाही. आणि बुशमधली तेलाची खाच बाहेरच्या टोकापर्यंत आरपार काढू देऊ नका, टोकाच्या आधी पाचसहा मिलिमीटर थांबली पाहिजे, नाहीतर आपणच तेलाला बाहेर जायला गटार करून दिल्यासारखं होतं. कितीतरी तयार बुश असेच आरपार खाचेचे येतात.

त्यानंतर सील जिथे घासतं तो पृष्ठभाग. काही डब्यांत ते स्लीव्ह गिअरवरच असतं, काहींत कॉलरवर (शाफ्टवर चढवलेल्या कडीवर) किंवा स्प्रॉकेटच्या बॉसवर (मधल्या उंच भागावर). नखाने आडवं खरवडून बघा, खाच नखाला अडकली तर नवीन सील तिथे टिकणार नाही. एक इलाज म्हणजे सील एकदोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवणं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. जागा नसेल तर त्यावर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, सील तेच चालतं. आणि कॉलर असेल तर सरळ हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. कृपा करून हातात पॉलिश पेपर घेऊन शाफ्टवर तिरका घासू नका, त्याने स्क्रूच्या आट्यासारख्या बारीक रेषा पडतात आणि शाफ्ट फिरला की त्या तेल पंपासारखं बाहेर ढकलतात. पेपर मारायचाच तर शाफ्ट फिरवून, पट्टी सरळ एका जागी धरून. कॉलर स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवर) बसत असेल तर स्प्लाइनच्या खाचांमधूनही तेल येतं, तिथे लावताना थोडा सीलंट लावा.

मग कुठे सील. जुन्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, पण आकड्यावर विसंबू नका, व्हर्निअरने शाफ्ट आणि घर मोजून जा. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग आणि सीलची दुकानं ओळीने आहेत, तिथे मापावर चांगल्या कंपनीचं सील मिळतं, "बुलेटचं सील" म्हणून पाकिटात मिळणाऱ्यापेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं. साधं नायट्राइल रबर या डब्याला पुरतं, १०० अंशापर्यंत त्याला काही होत नाही, महागडं व्हायटन घ्यायची गरज नाही. स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. ओठाला ग्रीस लावा, स्प्लाइनवर पातळ प्लास्टिक गुंडाळा म्हणजे ओठ कापला जाणार नाही, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट घेऊन सरळ दाबा. एका कडेला ठोकून तिरकं बसवलेलं सील पहिल्या दिवसापासून गळतं.

उजव्या बाजूचं फार नाही. किकच्या शाफ्टची ओ-रिंग, गिअर लिव्हरचा शाफ्ट, क्लचच्या अॅडजस्टमेंटचं छोटं कव्हर आणि मोठ्या कव्हरचं पॅकिंग. वर्षानुवर्षं किक मारून कव्हरमधलं भोक लांबट होतं, मग ओ-रिंग कितीही बदला, तिथे बुश मारून घ्यावाच लागतो. कव्हर गळत असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून कव्हर आठच्या आकड्यात फिरवा, उंचवटे लगेच चमकून दिसतात, बहुतेक वेळा बोल्टच्या भोकांभोवतीच असतात. अर्धा मिलिमीटरचं पॅकिंग आणि दोन्ही बाजूंना अॅनाबॉण्ड सीलंटचा अगदी पातळ हात, बस. सिलिकॉनची जाड वेणी घालणारे लोक विसरतात की जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही लोंबतं आणि तुटून तेलात फिरतं. अजून एक, १९७६ च्या गाडीत बरेच आटे इंचाच्या मापाचे आहेत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्यात ६ मिमीचा बोल्ट जातो, पण धरत नाही, शेवटच्या पिळाला आटे निघून येतात. असे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) घालून घ्या, बोल्टला टेप गुंडाळून दिवस काढू नका.

तेलाचं सांगतो. ईपी ९० घ्या, पण जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधले गंधकाचे घटक ब्रॉन्झला त्रास देऊ शकतात आणि आपण आत्ताच नवे ब्रॉन्झ बुश घातलेत. गळू नये म्हणून चाकाचं जाड ग्रीस कोंबण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, गिअर त्यात चर पाडून कोरडे फिरत राहतात आणि ग्रीस कडेला बसून राहतं. अगदीच घालायचं तर ००० किंवा ०० नंबरचं अर्धपातळ ग्रीस, तेही तेलात मिसळून. गळती थांबवायची जी बाटली मिळते ती रबर फुगवते, झिजलेला बुश फुगत नाही.

आणि आपल्या मुंबईच्या पावसाचं. तापलेला डबा पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, क्लच केबलच्या भोकातून पाणी आत ओढते. हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून गाडी काढलीत तर त्याच आठवड्यात तेल बघा, दुधी झालं असेल तर लगेच बदला, लेव्हल वाढल्यामुळेही गळायला लागतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवणार असाल तर खाऱ्या हवेने किकच्या शाफ्टवर सीलच्या जागी गंजाचे टिपके पडतात, दिवाळीत काढलीत की तिथूनच गळते. झाकायच्या आधी शाफ्टला ग्रीस लावा आणि महिन्यातून एकदा तरी फिरवा.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने जाईन: धुऊन पावडर, लेव्हल आणि मेन स्टँड, ब्रीदर, चेनचा ताण. एवढं या रविवारी घरच्या घरी होतं, पैसे लागत नाहीत. डाग तरी राहिला तर डावी बाजू खोलायला लावा आणि खोलताना स्वतः उभे राहा, सील काढायच्या आधी शाफ्टभोवतीची फट ओली आहे का ते मेकॅनिकला तुमच्यासमोर बघायला लावा. त्या वेळी स्लीव्ह गिअरचा आतला व्यास आणि मेन शाफ्टचा बाहेरचा व्यास मोजून मला कळवा, त्यावरून नुसते बुश पुरतील की शाफ्टलाही क्रोम करावं लागेल ते सांगतो.